काढलेली नखं

आपल्याकडे नखं काढतात. कापतात असंही कुणी म्हणतं, पण माझ्या तोंडी लहानपणापासून काढणंच बसलेलं आहे. रविवारी सकाळी, अंघोळीच्या आधी, खाली वर्तमानपत्र पसरून एकेक बोट हातात धरायचं, नखं काढायची, कागदाची पुडी करायची आणि घराबाहेरच्या डब्यात टाकायची. तिन्हीसांजेला काढायची नाहीत. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे शिकवलंही इंग्रजीच, तरी हा नियम मोडला नाही. अपुऱ्या उजेडात उडालेलं नख सापडत नाही आणि मग ते कुणाच्या तरी पायाखाली किंवा ताटात येतं, एवढं साधं कारण मला पुरतं.

परवा धाकट्यानं फोनवर विचारलं, "आजी, ताई म्हणते जर्मनीत आपली मांजर होती. मग ती इकडे का नाही आली?"

"ताईलाच विचार," मी म्हटलं.

"ताई म्हणते, आजीला विचार."

म्हणजे ताईला आठवतं आहे आणि सांगायचं नाही. किंवा अर्धंच आठवतं आहे. फोनवर मला नीट सांगता येत नाही, मध्येच कुणीतरी हाक मारतं आणि धागा सुटतो. म्हणून लिहून काढते. (बघा, इथेही 'काढते'च आलं.)

तेव्हा ताई सहा वर्षांची होती आणि धाकटा आईच्या पोटात. तुम्ही वाल्डॉर्फला राहत होतात. तुमचे बाबा तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. आईची सातव्या महिन्यापासून दगदग नको म्हणून मी पुण्याहून आले. दिवाळी उरकून निघाले आणि उतरले ती थेट अंधारात. तिथे नोव्हेंबरमध्ये दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागतात. जेवून जरा पाठ टेकवावी आणि उठावं तर तिन्हीसांज झालेली. पहिले काही दिवस मला वाटायचं, आपली अख्खी दुपार कुणीतरी उचलून नेते आहे.

घर दुमजली. खाली घरमालकीणबाई एकट्या राहत. माझ्याहून थोड्या मोठ्या, उंच, आणि माझ्यासारख्याच जागच्या जागी वस्तू लागणाऱ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन येत नव्हतं. जिन्यात भेटलो की त्या "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवायच्या, मीही हलवायची. पायपुसणं सरळ करताना मी त्यांना दोनदा दिसले, तेव्हापासून आमचं पटलं.

वर आपण. आत शिरल्यावर एक लांब बोळ, त्याच्या एका अंगाला खोल्या, आणि टोकाला स्वयंपाकघराचं पांढरं दार. त्या दारावर तेलाचा एक शिंतोडा मी राहू द्यायची नाही.

आणि एक मांजरी. करडी, पट्ट्यापट्ट्यांची, प्राण्यांच्या आश्रमातून आणलेली. ती ताईची. ताईच्या उशीवर झोपायची, ताई शाळेतून यायच्या वेळी खिडकीत बसायची. सकाळी उठल्यावर बोळातल्या सुतळी गुंडाळलेल्या खांबावर मागच्या पायांवर उभी राहून पंजे घासायची. खर्र, खर्र, खर्र. त्या आवाजानं मला जाग यायची. परक्या देशात ओळखीचा वाटावा असा तो पहिला आवाज. माझ्या माहेरी पोत्यांवर मांजरं अशीच घासत.

तुमच्या बाबांना अमेरिकेतल्या ऑफिसात बोलावणं आलं होतं. बाळ झालं की निघायचं ठरत होतं. घर बघून झालं होतं, शाळा जवळ, मागे हिरवळ. एका संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "मालकाची एकच अट आहे. मांजराची नखं काढलेली हवीत."

"रास्त आहे," मी म्हटलं. "त्याच्या दारांना ओरखडे नकोत. मी काढत जाईन इथे आहे तोवर."

बाबांनी तुमच्या आईकडे बघितलं आणि वरण वाढून घेतलं. त्यांनी त्या अटीतला इंग्रजी शब्द उच्चारला असता तर मी तिथेच ताट सरकवलं असतं. पण मराठीत ते इतकं साधं वाटलं. रविवारच्या कामांतलं एक.

ताईनं मात्र विचारलं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. "उंड डान कोम्ट झी मिट?" मग ती आपल्याबरोबर येईल?

"हो," बाबा म्हणाले. "नखं काढली की येईल."

दुसऱ्या दिवशी ताई शाळेत गेल्यावर मी मांजरीला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं. मांजराचं नख एरवी आत असतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. बोटाची गादी दोन बोटांत धरून हलकेच दाबली की ते बाहेर सरकतं, चंद्रकोरीसारखं, टोकाशी काचेसारखं पारदर्शक. तेवढं टोक काढायचं. मांजरी कुरकुरली, पण बसली. कागदाची पुडी मी खालच्या डब्यात टाकून आले.

मग तो बोका आला.

बाबांच्या ऑफिसातला एक अमेरिकन माणूस तीन आठवड्यांच्या सुटीवर मायदेशी चालला होता, त्याचा तो. पांढरा, जाडजूड, पिवळ्या डोळ्यांचा. बाबांनी पेटी बोळात ठेवली, दार उघडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "याची नखं काढलेली आहेत, आई. तिकडेच काढली, लहान असताना. बघ, मजेत आहे."

हे 'बघ' माझ्यासाठी नव्हतं हे मला पुढे कळलं. तुमच्या आईसाठी होतं.

दोन मांजरं एकमेकांना नवीन, म्हणून दुपारची ताईची मांजरी ताईच्या खोलीत कोंडलेली असायची आणि बोका बोळात मोकळा. तुमची आई ऑफिसात, बाबा ऑफिसात. ताई दुपारी घरी यायची, जेवायची आणि "चित्र काढते" म्हणून, म्हणजे तिच्या भाषेत "माले" म्हणून, खोलीत जायची. मी पाठ टेकवायची.

दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी मला झोपेत कुणीतरी गालाला हात लावला. मऊ, गरम, अगदी लहान हात. आधी एक, मग दुसरा. थोपटल्यासारखे. मला वाटलं ताई आहे, मग वाटलं ताईपेक्षा लहान कुणीतरी आहे. डोळे उघडले तर खोलीत अंधार आणि चेहऱ्यासमोर दोन पिवळे डोळे. बोका माझ्या छातीवर उभा राहून पंजांनी माझा गाल मळत होता. मांजरं मळतात, त्यात नवल नाही. पण मांजर मळतं तेव्हा दर खेपेला नखाचं टोक किंचित टोचतं, आणि त्या टोचण्यावरून कळतं की हे मांजर आहे. इथे टोचतच नव्हतं. एखाद्यानं बोटं मुडपून हात लावावा तसं होतं ते.

मग मी त्याच्याकडे लक्ष ठेवायला लागले. तो वाळूच्या ट्रेशी जायचा, एक पाय आत ठेवायचा आणि चटका बसल्यासारखा मागे घ्यायचा. झटकायचा. पुन्हा ठेवायचा. शेवटी माझ्या घडी केलेल्या शालीवर जाऊन उरकायचा. मी शाल धुतली, उंचावर ठेवली. त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर उडी घेतली, पुढचे पाय कट्ट्यावर टेकले, आणि तो तसाच, कशालाही न धरता, हळूहळू खाली घसरत आला. ओरडला नाही. खाली बसून आपले पंजे बघत राहिला.

आणि तिन्हीसांजेचं ते. बाहेर अंधारून आलं की तो बोळाच्या टोकाशी जायचा, स्वयंपाकघराच्या पांढऱ्या दाराला पुढचे पाय लावून उभा राहायचा आणि ओरबाडायला लागायचा. अंग ताणून, मान खाली घालून, सगळ्या ताकदीनं. आणि आवाज यायचा नाही. काहीच नाही. टीव्हीचा आवाज बंद करून बघावं तसं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची आणि दाराच्या पलीकडे हे चाललेलं आहे हे मला कळायचं ते केवळ दार किंचित थरथरायचं म्हणून. उघडलं की तो माझ्याकडे वर बघायचा. पंजे अजून हवेत चालू.

"याची नखं जरा खोल काढलेली दिसतात," मी एकदा तुमच्या आईला म्हटलं. "येतील पुन्हा. मग ठीक होईल."

ती तेव्हा पलंगावर डाव्या कुशीवर पडून होती. "अहो आई," असं काहीतरी म्हणायला लागली आणि मग म्हणाली, "जाऊ दे, मला जरा पाणी द्याल?"

ताई तिथेच होती. "नखं येतील, आजी?" असं तिनं जर्मनमध्ये विचारलं. "क्रालेन?" मांजराच्या नखांना तिथे वेगळा शब्द आहे.

"हो गं. आता नाहीत, कारण काढलेली आहेत ना," मी म्हटलं.

तिनं बोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंडावर कोडं पडल्यासारखं. मी त्यावर विचार केला नाही.

त्यानंतर दाराला ओरखडे दिसायला लागले.

पहिल्या दिवशी चारच. पांढऱ्या रंगावर, जमिनीपासून वीतभर वर, शेजारी शेजारी, वाकडे, करडे. मांजर ओरबाडेल तिथेच, तसेच. मला बरं वाटलं, खरं सांगते. दाराचं वाईट वाटण्याआधी मनात आलं, चला, आली एकदाची बोक्याची नखं. मग वाकून बोट फिरवलं. दार गुळगुळीत होतं. ओरखडे दिसत होते, पण बोटाला लागत नव्हते. ओल्या फडक्यानं पुसले तर निघाले, फडक्यावर काळसर मळ आला. पंजे घाण असतील त्याचे, असं म्हणून मी फडकं धुतलं.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताना बघते तर पुन्हा. या वेळी जास्त, दोन ओळींत. बोका त्यांच्यासमोर उभा राहून नेहमीसारखा आवाज न करता पंजे घासत होता आणि त्याच्या पंजाखाली त्या रेघा पसरत होत्या, फिकट होत होत्या. ताईची मांजरी खोलीत कोंडलेली, मी स्वतः दार ओढून घेतलं होतं. म्हणजे तिचं काम नव्हे.

मी बोक्याला उचललं. दिव्याखाली नेऊन मांडीवर बसवलं, पुढचा उजवा पंजा हातात घेतला. पांढऱ्या केसांना करडेपणा लागला होता. गादी दोन बोटांत धरली आणि दाबली.

काही आलं नाही.

पुन्हा दाबली. शेजारचं बोट, त्याच्या शेजारचं. प्रत्येक बोट थोडं आधीच संपत होतं. पुढे नुसती कातडी, मऊ, रिकामी, मोज्याचं टोक पायापुढे लोंबतं तशी. मी दुसरा पंजा बघितला. तोही तसाच. बोका हलला नाही. कुणी पंजा धरला की हलायचं नाही हे तो कुठेतरी शिकला होता. आणि आमच्या समोर, बोळाच्या टोकाशी, दारावर नखांच्या दोन ओळी होत्या.

बाबा घरी आल्यावर मी त्यांना कोटही काढू दिला नाही.

"याची नखं कधी येतील?"

"कशी येतील? काढलेली आहेत."

"काढली की येतात, अरे. माझी येतात, तुझी येतात."

ते मग हळूच म्हणाले, "आई, तुला कापली असं वाटलं का?"

"मग?"

त्यांनी डाव्या हाताची तर्जनी उभी केली आणि उजव्या हातानं तिचं टोक धरलं. "हे शेवटचं पेरं. मांजराचं नख या हाडातूनच येतं. तेवढं पेरं काढतात, इंग्रजीत डिक्लॉइंग. भूल देऊन."

मी जप करते तो बोटांच्या पेरांवर, हे तुम्हाला माहीत आहे. मी माझ्या बोटांकडे बघितलं.

"आणि आपल्या मांजरीचंही?"

"इथे नाही करता येत. कायद्यानं बंदी आहे. मी विचारलं प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना. मला बाहेर काढलं नाही त्यांनी, एवढंच. तिथे गेल्यावर करायचं. तिकडे सर्रास करतात, आई."

"अहो आई, मलाही आधी माहीत नव्हतं," तुमची आई दारातून म्हणाली. "कळलं तेव्हा मी याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण मग बाळाचं मनात आलं. त्याच्या डोळ्याला एक नख लागलं तर?"

"याला लहानपणी मांजरानं कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडलं होतं," मी म्हटलं. "हळद लावली."

"म्हणून तर इतका सरळ झाला," ती म्हणाली, पण हसली नाही.

बाबा खुर्चीत बसले. कोट अंगातच. "आई, मला हौस आहे का? पण बघ. तिला इथे टाकून जायचं, आश्रमात परत द्यायचं, हे बरं? त्यापेक्षा चार दिवसांचं दुखणं काय वाईट? हा बोका आज कुणाच्या तरी घरात आहे, त्याला सोफ्यावर बसू देतात, ते नखं नाहीत म्हणूनच. आणि मांजरीला पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं ऑपरेशन केलं तेव्हा तूच फोनवर म्हणालीस ना, शहाणपणा केला? तेही तिला विचारून नव्हतं केलं."

मी एवढंच म्हटलं, "तो मजेत आहे म्हणालास. त्याला दुपारी बघितलं आहेस कधी?"

"दुपारी मी ऑफिसात असतो."

"मग एकदा घरी राहा. अंधार पडायच्या वेळी."

"दुसरं घर बघ ना रे," तुमची आई म्हणाली.

"त्या शाळेच्या भागात? या पोटासकट पुन्हा घर शोधायचं?"

"मग तुझ्या बोटांची पेरं मोज, आणि ठरव," ती म्हणाली आणि आत गेली.

मी दारावरच्या रेघांचं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होते? नखं नसलेलं मांजर दार ओरबाडतं आणि दारावर नखं उमटतात, हे मी माझ्या वर्गात कुणाला लिहू दिलं नसतं.

पुढचा दिवस शनिवार होता. बाबा घरी होते, पुढच्या खोलीत संगणकावर. दुपारी चारचा सुमार, बाहेर पावसानं अंधारून यायला लागलेलं. मी स्वयंपाकघरात, दार लावून, चहाचं आधण ठेवलं होतं. बोका आत माझ्याजवळ, उन्हासारख्या गरम हीटरला टेकून झोपलेला. ताईची मांजरी खिडकीत, काचेबाहेर पाखरं बघत. ती त्या दिवशी खोलीतून निसटून आली होती आणि प्रथमच दोघं एका खोलीत शांत होती. म्हणजे दोन्ही मांजरं माझ्या डोळ्यांसमोर.

आणि दाराच्या पलीकडून आवाज आला.

खर्र. खर्र. खर्र.

खालून, वीतभर उंचीवरून. बोक्यानं डोळे उघडले. मांजरीनं मान वळवली. दोघंही दाराकडे बघायला लागली, कान पुढे करून. मी गॅसची कळ बंद केली. आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला, सावकाश, एकेक.

दार उघडायला मला वेळ लागला, हे कबूल करते.

बोळात ताई उकिडवी बसली होती. हातात शिसपेन्सिल. जीभ दातांत धरून ती दारावर रेघ ओढत होती, आणि दार सरकलं तशी शेवटची रेघ वाकडी गेली म्हणून ती माझ्यावर रागावली.

"काय करते आहेस गं?" माझा आवाज चढलाच.

"नखं काढते," ती म्हणाली.

मराठीत. त्या घरात मी राहायला आले तेव्हापासून तिनं मला मराठीत दिलेलं ते पहिलं उत्तर.

मला कळलं नाही. मग कळलं. तुझ्या घरात, ताई, नखं कापायला "नेल्स कट करू या" म्हणायचे, किंवा जर्मन. काढणं हा शब्द तुला एकाच गोष्टीसाठी माहीत होता. चित्र काढ. फूल काढ. माझ्याबरोबर दारात रांगोळीची ओळ काढ.

बाबा आवाज ऐकून बाहेर आले. तू त्यांना समजावून सांगितलंस, अर्धं जर्मन, अर्धं मराठी, पेन्सिल हलवत. पापा म्हणाले होते, मांजराची नखं काढलेली हवीत. पापा म्हणाले, बोक्याची काढलेली आहेत, पण तू बघितलंस तर नव्हतीच. कुणी काढलीच नव्हती. म्हणून तो रोज दाराशी जाऊन मागतो. तू आधी त्याची काढलीस. आजी रोज पुसून टाकते, म्हणून रोज पुन्हा काढावी लागतात. आता त्याची झाली. आजच्या रेघा आपल्या मांजरीच्या. सगळी पूर्ण झाली की ती अमेरिकेत येईल.

"आल्झो," म्हणजे तर असं आहे, तू शेवटी म्हणालीस, मोठ्या माणसासारखं, आणि पेन्सिल कानावर ठेवलीस.

बाबा जमिनीवर बसले. बोका माझ्या पायांमधून बाहेर आला, दाराशी गेला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्या रेघांवर पंजे घासायला लागला. आम्ही तिघं बघत होतो. काही ऐकू येत नव्हतं. त्याचे पंजे वर जात, खाली येत, आणि पेन्सिलीच्या रेघा पुसट होत गेल्या. बाबांनी हात पुढे केला, त्याचा एक पंजा धरला आणि टोकाशी दाबला. मग दुसऱ्या बोटाशी. तो उभ्या उभ्या स्थिर झाला, जसा माझ्या मांडीवर झाला होता.

"छान काढली आहेस," बाबा ताईला म्हणाले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. बाबांनी अमेरिकेतल्या मालकाला फोन केला, मांजर नखांसकट चालेल का म्हणून. त्यानं नाही म्हटलं, सभ्यपणे. आणखी दोन घरांशी बोलले, तिथेही तेच. बाळाचे दिवस भरत आले होते आणि शाळेत ताईचं नाव घातलं होतं. शेवटी बाबा खाली गेले. मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, वर आल्या, मांजरीला उचललं, तिच्या पंजाची गादी दाबून नख बघितलं, सोडलं, आणि म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे, बरोबर, असंच हवं. जाताना मांजरी त्यांच्या खांद्यावर होती, आणि त्यांच्या लोकरी जाकिटात तिची नखं रुतलेली मला दिसली.

बोका त्याच्या मालकाबरोबर गेला. चांगला माणूस होता तो. बोक्यासाठी खाऊ आणला होता, पेटीत उशी घातली होती. पेटीच्या जाळीतून एक पांढरा पंजा बाहेर आला आणि हवेत चाचपत राहिला, जिना उतरेपर्यंत.

तुम्ही निघालात त्या सकाळी ताई रडली नाही. खाली मांजरीला भेटून आली, गाडीत बसली, पट्टा लावला आणि बाबांना म्हणाली, "पण मी नखं काढली होती ना."

बाबा गाडी सुरू करायचे थांबले. मागे बघितलं नाही. तुमच्या आईनं मांडीवरच्या बाळाचं टोपडं सारखं केलं, ते सारखंच होतं. या प्रश्नाचं उत्तर तिला कुणी दिलं नाही, म्हणून मी आज देते. ताई, तू काढली होतीस. अगदी बरोबर काढली होतीस. आपण सगळे त्या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी घेऊन बसलो होतो, आणि त्यांतली कुणालाच न दुखणारी तेवढी तुझी होती. मांजरी तुमच्याबरोबर आली असती तर ती तुझ्या उशीवर झोपली असती, आणि तुझ्या गालाला तिनं हात लावला असता तर तुला ओळखता आला नसता. म्हणून ती आली नाही.

आता शेवटचं एक, आणि हे मी तुमच्या आईबाबांना सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी मी अमेरिकेला तुमच्या घरी आले. ज्या घराची ती अट होती तेच घर. तुम्ही अजून तिथेच राहता. सुंदर घर. एका दाराला ओरखडा नाही, एका चौकटीला नाही. दिवसभर तुमची शाळा-ऑफिसं, घरी मी आणि रांगणारं बाळ. एका संध्याकाळी दिवे लावायच्या आधी बाळ तळघराच्या दाराशी गेलं आणि दाराला हात लावून उभं राहिलं. मी त्याला उचलायला वाकले तेव्हा मला दिसलं. दार गडद लाकडाचं, चकचकीत पॉलिशचं. पण खाली, जमिनीपासून वीतभर वर, हाताच्या पंज्याएवढ्या जागेत पॉलिश उडालेलं होतं. लाकूड फिकट पडलं होतं आणि मधोमध किंचित खोलगट झालं होतं, देवळाची पायरी होते तसं. मी बोट फिरवलं. रेशमासारखं मऊ.

आधी त्या घरात कोण राहत होतं, किती वर्षं, किती मांजरं, मी विचारलं नाही. बाळाला कडेवर घेतलं आणि तिथे जरा उभी राहिले. काही ऐकू येत नव्हतं. तसं ते येणारही नव्हतं.

तुम्ही रोज त्या दारावरून जाता. एकदा खाली वाकून हात लावून बघा. आणि ताई, तुझ्याकडे शिसपेन्सिल असेल तर जवळ ठेव.